शोभेचे विश्वस्त

दिवाळीत दारावर आकाशकंदील हवा आणि धर्मादाय संस्थेच्या निमंत्रणपत्रिकेवर चार मोठी नावे हवीत, अशी आपल्याकडे समजूत आहे. आकाशकंदिलाबद्दल माझी तक्रार नाही. तो निदान उजेड तरी देतो.

मी शाळामास्तर, कादंबऱ्या लिहितो, शिक्षण मॅट्रिकपुरते. हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी चालणाऱ्या एका लहान संस्थेच्या विश्वस्त मंडळावर मी बिनपगारी काम करतो. हा रोग विरळा. त्याचा मुख्य प्रकार सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. रक्त गोठवणारा एक घटक जन्मतःच कमी असतो. गुडघ्यात, कोपरात आतल्या आत रक्त साचते आणि ते वेळीच थांबले नाही तर सांधा कायमचा आखडतो. त्या घटकाचे इंजेक्शन शिरेतून लवकरात लवकर द्यावे लागते, आणि तोवर ते थंड जागी जपावे लागते. म्हणजे अशा संस्थेचा जीव तिच्या फ्रिजमध्ये आणि साठ्याच्या वहीत असतो, व्यासपीठावर नव्हे!

आणि आमच्या सभेत काय चालते? एकदा पाऊण तास वर्धापनदिनाच्या शालींवर खल झाला. दाराशी बसलेल्या एका आईने विचारले, "रविवारी पोराचा गुडघा सुजला तर इंजेक्शन कुणाकडे मागायचं?" उत्तर मिळाले, "बाई, हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही." मग संस्था काढली कशाला?

शोभेच्या विश्वस्तांचे वकील म्हणतात, मोठ्या नावांमुळे पैसा येतो. येतो, कबूल. पण नावाबरोबर महिन्याचे चार तासही येऊ द्या. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात विश्वस्तांची कर्तव्ये दिली आहेत. त्यांत हार घालून घेणे हे कर्तव्य मला कुठे आढळले नाही. जमाखर्च वाचायला पदवी लागत नाही. बसायची तयारी लागते.

दुसरा युक्तिवाद असा, की रोगी आणि त्यांची माणसे हळवी, त्यांना कारभार काय कळणार! हे साफ खोटे. हिमोफिलियाचा जागतिक महासंघ १९६३ साली स्थापन केला फ्रँक श्नाबेल यांनी. भारतातला महासंघ १९८३ साली अशोक बहादूर वर्मा यांनी. दोघेही स्वतः या रोगाचे रुग्ण. ज्याच्या सांध्यात कळ येते, त्यालाच घड्याळाची किंमत ठाऊक असते.

तेव्हा माझे म्हणणे सरळ आहे. मंडळावरच्या निम्म्या खुर्च्या रुग्णांना आणि त्यांच्या आयांना द्या. त्यांची मजुरी बुडणार नाही अशा दिवशी सभा घ्या आणि एसटीचे भाडे संस्थेने द्यावे. जो विश्वस्त लागोपाठ तीन सभांना कारणाशिवाय येत नाही, त्याने मानाने जागा मोकळी करावी. शाल हवी असेल तर जाताना न्यावी.

वाचकहो, सणाच्या दिवसांत तुमच्याही दारी पावतीपुस्तके येतील. हात आखडू नका. पण देण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारा. मंडळावर रुग्ण किती? गेल्या वर्षीचा तपासलेला हिशेब कुठे आहे? आणि मध्यरात्री फोन केला तर उचलतो कोण? उत्तरे मिळाली तर सढळ हाताने द्या. पत्रिकेवरची नावे त्यानंतर वाचा.