हचिसनची बाजू

‘माणूस मुळात स्वार्थीच’ असे ऐकवणाऱ्या पंडितांचा मला मनस्वी वीट आला आहे. सौंदर्य आणि सद्गुण यांवरच्या १७२५ सालच्या ग्रंथात फ्रान्सिस हचिसनने त्यांना चोख उत्तर दिले आहे. सुंदर वस्तू पाहून आपण सुखावतो, ते काय नफातोटा मांडून? मग परक्याचा चांगुलपणा पाहून मन निवते, तेथेच स्वार्थ कशाला हुडकायचा?

१७३८ साली ग्लासगोच्या धर्मपीठाने त्याच्यावर ठपका ठेवला : ईश्वराला न जाणताही बरेवाईट कळते, असे हा प्राध्यापक शिकवतो! मी म्हणतो, हेच त्याचे भूषण. पण नास्तिक म्हणून बदनाम झालेल्या ह्यूमला एडिंबरोची प्राध्यापकी नाकारली गेली, तेव्हा विरोधकांत हाही होता. तेवढे मात्र मी त्याला माफ केलेले नाही.