'टाकले' म्हणणाऱ्यांस

आमच्या मावशीला आम्ही मार्च २०२५ च्या अखेरीस शहराबाहेरच्या एका शुश्रूषागृहात ठेवले. ही बातमी रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर ह्या इंदूरच्या मराठी वस्त्यांतून फिरत फिरत आमच्याच कानी परत आली, तेव्हा तिच्यातले क्रियापद बदललेले होते. 'ठेवले'चे 'टाकले' झाले होते. सभेच्या वाचनालयात एका ज्येष्ठ सभासदांनी तर आमच्या खांद्यावर हात ठेवून एवढेच विचारले, "तुम्हीसुद्धा?" आम्ही गप्प राहिलो. राज्य शासनाच्या सेवेत ३६ वर्षे काढलेल्या माणसाला तोंडी उत्तरे देण्याची सवय राहत नाही. जे म्हणायचे ते लेखी. म्हणून हे लेखी.

मावशी आमच्या आईची धाकटी बहीण. अविवाहित, वय ८६. सरकारी शाळेत ३४ वर्षे गणित शिकवले आणि तेही हिंदीतून. तिची हिंदी इतकी सफाईदार, की पालकांना ती मराठी असल्याचे आडनाव ऐकल्यावरच कळे. फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेचे कवच मिळाले आहे; त्या कार्डामुळे पैशाचीही ओढाताण झाली नाही. जेथे श्रेय आहे तेथे ते द्यावे.

पण शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या रात्री तिला भ्रम झाला. वृद्धांच्या बाबतीत असे पुष्कळदा होते, असे डॉक्टरांनी सांगितले. चार दिवसांनी भ्रम ओसरला, परंतु ओसरताना मावशीची हिंदी घेऊन गेला. विसराळूपणा आधीपासून थोडा होताच. आता उरली ती फक्त तिच्या आईची मराठी. मागून शिकलेली भाषा आधी जाते आणि पाळण्यात ऐकलेली शेवटपर्यंत राहते, हेही पुष्कळदा होते म्हणे. आम्हांस ते ठाऊक नव्हते. रात्रपाळीच्या परिचारिकेला तर ते ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

'पाणी' म्हटले असते तर कोणालाही कळले असते. पण मावशी म्हणे, "तहान लागली." 'लघवी' हा शब्द त्या वॉर्डात कोणी ऐकलेला नव्हता. "उकडतंय, उकडतंय," असे म्हणत तिने अंगावरचे ब्लँकेट दूर लोटले, ते पुन्हा घातले गेले, पुन्हा लोटले. तेव्हा 'रुग्ण हिंसक' अशी नोंद होऊन तिचे दोन्ही हात पट्टीने कॉटला बांधण्यात आले. सकाळी सहाला आत जाण्याचा पास मिळून आम्ही पोहोचलो तेव्हा मनगटांवर वळ होते आणि चादर ओली होती. त्या परिचारिकेवर आमचा राग नाही. तिच्याकडे त्या रात्री बावीस रुग्ण होते आणि ती स्वतः केरळातून येऊन हिंदी शिकलेली होती. इस्पितळाचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण हे एका इस्पितळाचे नाही.

छातीत कफ झाल्यामुळे मुक्काम लांबला आणि २७ फेब्रुवारी तेथेच उजाडली. मराठी भाषा गौरव दिन. मराठीला अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळालेला, त्यानंतरचा हा पहिलाच. आपल्या सभेत मोठा समारंभ होता आणि आभारप्रदर्शन आमच्याकडे होते. आम्ही येऊ शकलो नाही. समारंभ करू नये असे आम्ही म्हणत नाही. ताम्रपट, गाथासप्तशती, दोन हजार वर्षे हे सगळे खरेच आहे. परंतु त्याच संध्याकाळी, त्याच शहरात, एक मराठी शिक्षिका 'तहान' हा शब्द कोणाला कळत नाही म्हणून कोरड्या ओठांनी पडून होती, आणि तिला तो शब्द कळणारी शे-सव्वाशे माणसे तीन किलोमीटरांवर टाळ्या वाजवत होती. त्यांत एरवी आम्हीही असतोच.

मार्चच्या ४ तारखेस सुटी मिळाली. कार्डावर 'प्रकृती स्थिर' असे होते. सरकारी भाषेचा आमचा अभ्यास दांडगा असल्यामुळे ह्या दोन शब्दांचा अर्थ लगेच कळला: येथून पुढे तुमचे तुम्ही पाहा. योजनेचे कवचही सुटीनंतर १५ दिवसांच्या खर्चापर्यंतच चालते. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, म्हणजे दिवसरात्रीत १२ वेळा. बसते करून, चमच्याने, ठसका लागू न देता भरवावे. डायपर, जखमेची स्वच्छता, पायाचे व्यायाम, औषधांच्या पाच वेळा. हे कोणी करावे? आमचे वय ६८. सौभाग्यवतींचे ६५, आणि दोन्ही गुडघे गेलेले. मुलगा पुण्यास. ब्यूरोमार्फत बारा-बारा तासांच्या दोन बायका ठेवल्या, महिन्याला ३२ हजार ठरले. चोवीस दिवसांत सात बदलल्या. पंचविसाव्या दिवशी मावशीच्या माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम दिसली. त्या दिवशी आम्ही हिशोब मांडला. प्रेमाचा नव्हे, पाळ्यांचा. दोन म्हाताऱ्यांत तीन पाळ्या बसत नाहीत.

मग शोधाशोध. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या ज्या वृद्धाश्रमात आम्ही गेलो, तेथील अर्जात पहिली अट एकच: अर्जदार चालता-फिरता असावा. म्हणजे ज्याला आधाराची गरज कमी त्याला आश्रय, आणि जो अंथरुणाला खिळला त्याला घरी न्या. ही अट आम्हांस नवी नव्हती. सेवेत असताना दोन जिल्ह्यांत अशा संस्थांची तपासणी आमच्याकडे होती. आम्ही खाटा मोजल्या, पंखे मोजले, स्वयंपाकघर पाहिले आणि नस्तीवर 'व्यवस्था संतोषजनक' असा शेरा लिहिला. अंथरुणाला खिळलेले येथे कोणीच कसे नाहीत, ते गेले कोठे, हे एकदाही विचारले नाही. जे 'टाकले' म्हणतात त्यांनी आम्हांस दोष द्यायचाच असेल तर ह्या शेऱ्याबद्दल द्यावा.

कायद्याचेही असेच. माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य 'स्थापू शकेल' असे त्याचे १९ वे कलम म्हणते. ('स्थापील' आणि 'स्थापू शकेल' ह्यांतल्या फरकावर आमच्यासारख्यांच्या नोकऱ्या चालल्या.) निर्वाहाची रक्कम राज्याने ठरवावी, पण महिन्याला १० हजारांच्या वर जाऊ नये, असेही त्यात आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होता तो पैसा असूनही न देणारा मुलगा. तसे मुलगे आहेत, आणि त्यांना वठणीवर आणलेच पाहिजे. पण देणाराच जेथे स्वतः ज्येष्ठ नागरिक आहे, पैसे थोडेफार आहेत आणि हात नाहीत, ते घर ह्या कायद्यात दिसत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. "आपल्या आजी-आजोबांचे कोणी केले? घरातच झाले ना?" झाले. आमच्याही आजोबांचे शेवटचे दीड वर्ष घरातच, ओसरीलगतच्या खोलीत गेले. त्यांचे सर्व काही केले ते आमच्या आत्याने. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली होती. त्या काळच्या बहुतेक मोठ्या घरांत अशी एखादी आत्या, काकू, आश्रित मावशी असे; तिला पगार नव्हता, सुटी नव्हती आणि जाण्यास दुसरी जागा नव्हती. एकत्र कुटुंबाच्या ज्या सेवेचे आपण व्यासपीठावरून गोडवे गातो, ती ह्या बायकांच्या नाइलाजावर उभी होती. सुदैवाने तशा आत्या आता घरोघरी नाहीत. त्यांच्या जागी सून उभी करायची आणि त्याला संस्कार म्हणायचे, हे आम्हांस मान्य नाही. 'टाकले' म्हणणाऱ्या किती पुरुषांनी आपल्या वडिलांचा डायपर बदलला आहे, हे विचारण्याचा मोह आम्ही आवरतो.

मात्र आक्षेपातला एक भाग खरा आहे आणि तो आम्हांस लागला आहे. शुश्रूषागृहात कूस वेळेवर बदलली जाते, जखम दोन महिन्यांत भरून आली. पण तेथे मराठी नव्हती. पहिला आठवडा मावशी भिंतीकडे तोंड करून होती. मग सौभाग्यवतींनी एका पुठ्ठ्यावर चाळीस शब्द लिहिले, देवनागरीत, पुढे हिंदी अर्थ: तहान, लघवी, उकडतंय, कूस, ठसका, गार, पुरे, नको. तो पुठ्ठा खाटेच्या डोक्याशी अडकवला. तेथे काम करणारी अलीराजपूरकडची एक मुलगी आहे. तिने दहा दिवसांत पुठ्ठा पाठ केला. आता ती "मावशी, कूस बदलू?" असे विचारते, आणि मावशी तिला पावकी, निमकी म्हणून दाखवते. ती मुलगी बारावी झालेली आहे. तिला पावकी म्हणजे काय ते कळत नाही, पण ऐकून घेते.

तेथे आणखी दोघे मराठी आहेत. एक देवासचे, एक आपल्याच सभेचे माजी सभासद. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. त्यांच्या वर्गणीचा शेवटचा हप्ता आपण बाकी म्हणून दाखवतो, एवढे मात्र आम्ही वहीत पाहिले.

सभेने शुश्रूषागृह काढावे असे आम्ही सुचवत नाही. जमीन, परवाने, परिचारिका हे आपल्या आवाक्यातले नाही, आणि उत्साहाने काढलेल्या संस्थांचे पुढे काय होते ते आम्ही तपासणीत पाहिले आहे. मागणी लहान आहे. तो चाळीस शब्दांचा पुठ्ठा सभेने छापावा आणि शहरातल्या प्रत्येक इस्पितळाच्या वॉर्डात द्यावा. कोणी मराठी वृद्ध भरती झाल्याचे कळले की रात्रीच्या वेळी तेथे बसतील अशा दहा सभासदांची यादी असावी. आणि आठवड्यातून दोनदा कोणी तेथे जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवावे. ह्याला निधी लागत नाही. गौरव दिनाच्या शालींचा खर्चही ह्याहून अधिक आहे.

तसे पत्र आम्ही कार्यकारिणीस दिले आहे. पोच मिळाली, उत्तर यायचे आहे. तोवर आम्ही दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी साडेतीनला लोकमान्य नगरहून निघतो. रिक्षात आणखी एक जागा असते.