कुलूप की हिशेब?

गेल्या वर्षी मामांच्या दारावर एक नोटीस चिकटवलेली आढळली. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, तेव्हा सारे माझ्याभोवती जमले. मामांनी नगरमधले घर गहाण ठेवून कर्ज काढले होते. वर कुटुंब राही, खालचे दुकान भाड्याने दिलेले. हप्ते थकले, नोटिशीतली साठ दिवसांची मुदत सरली आणि पुढे बँकेने घरादाराला कुलूप ठोकले. भाडेकरू गेला. व्याज मात्र थांबले नाही.

घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. बँकेतला पैसाही कुणा गरिबाची ठेवच असतो. पण बंद दुकानातून कर्ज फिटणार कसे?

यावर जुना उपाय आहे : रिसीव्हर. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार न्यायालय असा त्रयस्थ माणूस नेमू शकते. तो भाडे वसूल करतो, मिळकत सांभाळतो आणि न्यायालयाला हिशेब देतो. तो ना धनकोचा, ना ऋणकोचा.

आपल्या जिल्ह्याला ही कल्पना परकी नाही. 1875 साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यानुसार न्यायालय कर्जदाराची जमीन जास्तीत जास्त सात वर्षे कलेक्टरच्या ताब्यात देऊ शके आणि धनकोचे देणे तिच्यातून भागवले जाई. मात्र कुटुंबाच्या पोटापुरती जमीन आधी बाजूला ठेवावी लागे. परक्या सरकारलाही एवढे कळले होते!

2002 च्या सरफेसी कायद्याने न्यायालयात न जाता ताबा घेण्याचा अधिकार बँकांना दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सहकारी बँकांनाही लागू असल्याचा निर्वाळा दिला. या कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. शहरातले राहते घर नाही. मिळकतीवर व्यवस्थापक नेमण्याची सोय त्यातही आहे, पण नेमणारी बँकच. मामांच्या बाबतीत तर तोही नेमला नाही.

माझे मत असे, की ज्या मिळकतीतून उत्पन्न येते तिच्यावर आधी त्रयस्थ रिसीव्हर यावा, हिशेबाची प्रत दोन्ही पक्षांना मिळावी आणि लिलाव शेवटी व्हावा. यात बँकेचेही नुकसान नाही.

मामा आता एका खोलीत भाड्याने राहतात. मी गेलो की विचारतात, "तू शिकलास ना, मग सांग, आता किती राहिले?" माझ्यापाशी उत्तर नसते.