दाखला सोबत्याचाही हवा

बर्फावरचे स्कीइंग शिकायला जाणारी तरुण मंडळी हल्ली आपल्यासारख्या लहान गावांतूनही निघू लागली आहेत. गुलमर्ग किंवा औलीच्या शिबिरासाठी वैद्यकीय दाखला लागतो, म्हणून ती दवाखान्यात येतात. मी नाडी, रक्तदाब, छाती तपासून सही-शिक्का करून देतो. मात्र "बरोबर कोण आहे?" असे विचारले की बहुधा "ग्रुप आहे, डॉक्टर" एवढेच उत्तर मिळते. माझ्या मते हा प्रश्न दाखल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

शिबिर झाले की ओढ लागते ती अनेक दिवसांच्या स्की-भ्रमंतीची. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची. त्यामुळे पाय पुढे सरकतो, मागे घसरत नाही. चढ संपला की पट्टी काढून उतारावरून घसरत जायचे. आल्प्समध्ये फ्रान्सच्या शामोनीहून स्वित्झर्लंडच्या झेरमाटला जाणारी अशी वाट प्रसिद्ध आहे. सहा-सात दिवस लागतात. मुक्काम बऱ्याचदा ३००० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१६४६ मीटर) जवळजवळ दुप्पट उंचीवर असतो.

अशा ठिकाणी शरीर एक फसवणूक करते. साधारण २५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे असा त्रास होऊ शकतो. तो वाढून मेंदूला सूज आली तर माणूस झिंगल्यासारखा चालतो, तरीही "मला काही झालेले नाही" असे ठणकावून सांगतो. थंडीचेही तसेच. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की बोलणे अडखळते, हातातल्या वस्तू पडतात. ज्या मेंदूने धोका ओळखायचा, तोच मंदावलेला असतो! नाकाचा शेंडा गारठून पांढरा पडला, तरी तो बधिर झाल्यामुळे स्वतःला कळत नाही. समोरच्याला मात्र हे सारे दिसते.

हिमकडा कोसळून माणूस गाडला गेला, तर पहिली दहा-पंधरा मिनिटे मोलाची. एवढ्यात बाहेरची मदत क्वचितच पोहोचते. संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे घेऊन जवळ असलेला मित्र हीच तेथली रुग्णवाहिका.

अर्थात सोबत म्हणजे नुसती माणसांची संख्या नव्हे. एप्रिल २०१८ च्या अखेरीस याच वाटेवर १४ जण वादळात सापडले. निवाऱ्याची झोपडी काही शे मीटरवर असूनही त्यांतील सात जण दगावले. सोबतीने वादळ थांबत नाही. वेळीच मागे फिरणे हाच खरा उपाय.

म्हणून निघण्यापूर्वी घरीच दोघांनी ठरवावे : चाल मंद असणाऱ्याच्या गतीने चालायचे. डोके दुखले तर लपवायचे नाही. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. एकाने "मागे फिरू" म्हटले की दुसऱ्याने वाद घालायचा नाही. तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता, शक्य तितक्या लवकर आणि सोबतीनेच खाली उतरवावे. ऊब येते म्हणून ब्रँडी मुळीच देऊ नये. दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीराची उष्णता बाहेर जाते. गारठलेला भाग चोळूही नये.

वाचकहो, तुमच्या घरातले कोणी स्कीइंगला जाणार नसेलही; पण लडाखला किंवा केदारनाथला (सुमारे ३५८० मीटर) जाणारे असेलच. त्यांनाही हेच नियम लागू आहेत. बूट आणि जाकीट जरूर पारखून घ्या, पण त्याआधी जोडीदार पारखा. फोटो काढणारे पुष्कळ भेटतील. शिखर समोर दिसत असताना "चल, परत जाऊ" म्हणणारा एखादाच असतो. मुलाला पाठवायचे तर अशाच मित्राबरोबर पाठवा.