विश्लेषण : चुकांतून शिकणारा डेटाबेस… पण शिकण्याच्या पद्धतीवर हक्क कुणाचा?

मोबाइलवर रेल्वेचे तिकीट शोधताना किंवा बँकेतील शिल्लक पाहताना उत्तर क्षणात मिळते. ते वेळेत मिळावे यासाठी डेटाबेसमधील ‘क्वेरी ऑप्टिमायझर’ राबत असतो. अशा तंत्रावर पेटंट घेतले गेले तर काय होते?

ऑप्टिमायझर काय करतो?

एकच माहिती शोधण्याचे अनेक मार्ग असतात. त्यांतील कमी खर्चाचा मार्ग ऑप्टिमायझर अंदाजाने निवडतो. समजा, शंभर नोंदी मिळतील असे गृहीत धरले आणि प्रत्यक्षात लाखभर निघाल्या, तर निवडलेला मार्ग महागात पडतो. आयबीएमच्या संशोधकांनी २००१ मध्ये ‘लिओ’ हे तंत्र मांडले. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील तफावत टिपून ते पुढचे अंदाज सुधारते. या पद्धतीवर कंपनीने अमेरिकेत पेटंटही मिळवले.

इतरांना फटका कसा बसतो?

कॉपीराइट फक्त लिहिलेल्या कोडला संरक्षण देतो, पेटंट पद्धतीलाच. त्यामुळे स्वतंत्रपणे तीच युक्ती सुचलेला प्रोग्रामरही अडचणीत येऊ शकतो. २००५ मध्ये ‘पोस्टग्रेसक्यूएल’ या ओपन सोर्स डेटाबेसबाबत याचा प्रत्यय आला. कोणती माहिती मेमरीत ठेवायची हे वापरानुसार ठरवणारी ‘एआरसी’ पद्धत त्याच्या ८.० आवृत्तीत होती. तिच्यावर आयबीएमचा पेटंट अर्ज प्रलंबित असल्याचे लक्षात आले. खटला झाला नाही, तरीही काही महिन्यांतच ८.०.२ आवृत्तीत ती पद्धत बदलण्यात आली.

न्यायालये काय म्हणतात?

अमूर्त कल्पना केवळ संगणकावर राबवली म्हणून पेटंट मिळत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘अ‍ॅलिस’ खटल्यात स्पष्ट केले. मात्र २०१६ मध्ये ‘एनफिश’ खटल्यात फेडरल सर्किट न्यायालयाने डेटाबेसच्या विशिष्ट रचनेला पेटंटपात्र मानले. कारण तिने संगणकाचेच काम सुधारत होते.

भारतात काय स्थिती?

पेटंट कायद्याच्या कलम ३(क) नुसार अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाही. पण त्यातून ‘तांत्रिक परिणाम’ साधत असेल तर अर्ज तपासला पाहिजे, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घेतली.

स्वतः शिकणारा ऑप्टिमायझर नेमका या सीमारेषेवर आहे. तो गणितही आहे आणि यंत्राचा वेगही वाढवतो. पेटंटची मुदत २० वर्षांची असते. सॉफ्टवेअरमध्ये तेवढ्या काळात पिढ्या बदलतात. म्हणूनच ही रेषा कुठे आखली जाते, यावर लहान कंपन्या आणि ओपन सोर्स प्रकल्पांचे बरेच काही अवलंबून आहे.