प्रायव्हसीच्या कायद्याने आरटीआयमध्ये नेमकं काय बदललं?

डेटा संरक्षण कायदा म्हटलं की आपल्याला ॲपची परवानगी आणि स्पॅम कॉल आठवतात. पण 2023 च्या या कायद्याच्या कलम 44(3) ने 2005 चा माहिती अधिकार कायदाही बदललाय. नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागू आहे.

आधी काय होतं?
कलम 8(1)(ञ) नुसार वैयक्तिक माहिती सरसकट नाकारता येत नव्हती. तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने विनाकारण कुणाच्या खासगीपणावर घाला येत असेल, तरच नकार. त्यातही मोठं जनहित असेल तर माहिती द्यायची. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारायची नाही, असं त्यात लिहिलं होतं.

आता काय?
या सगळ्या अटी गेल्या. माहिती 'वैयक्तिक' आहे, एवढंच कारण पुरतं. कोडमध्ये 'इफ'च्या अटी उडवून थेट 'रिटर्न फॉल्स' लिहावं, तसं.

मी पनवेलचा, म्हणून इथलंच उदाहरण घेतो. 2016 मध्ये महापालिका झाली, खारघर, कामोठे, कळंबोली तिच्यात आले. समजा मी विचारलं, आमच्या रस्त्याचं काम तपासून बिल कोणत्या इंजिनिअरने मंजूर केलं? 'नाव ही वैयक्तिक माहिती आहे' असं उत्तर आता येऊ शकतं. नाव त्यांचं असेल, पण सही पदाची आहे आणि पैसा करदात्यांचा.

सरकारची बाजूही आहे. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. कर्मचाऱ्याचा मोबाइल नंबर किंवा आजारपणाची फाइल कुणालाही मिळू नये, हे मलाही पटतं. पण त्याला जुन्या अटी पुरेशा होत्या. अमेरिकेच्या 1966 च्या माहिती स्वातंत्र्य कायद्यातही खासगीपणाची सूट आहे, मात्र खासगीपणाचा भंग उघडपणे अनाठायी ठरत असेल तरच. म्हणजे तिथे तराजू कायम आहे.

आपल्याकडे तराजू उरलाय तो कलम 8(2) मध्ये. नुकसानापेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. फरक इतकाच की आता जनहित पटवून देण्याचं ओझं बऱ्याच अंशी आपल्यावर आलंय.

म्हणून अर्ज असा करा
- महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांपर्यंत. फी 10 रुपये.
- माणसाबद्दल विचारू नका, कागद मागा: वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका, बिलाची प्रत.
- 'कलम 10 नुसार खासगी भाग झाकून उरलेली प्रत द्यावी' हे वाक्य टाका.
- 8(2) चा उल्लेख करून जनहित काय, ते एका ओळीत लिहा.
- 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.

केंद्राच्या आधी महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता आणि त्यासाठी अण्णा हजारेंसह अनेकजण झगडले. तो हक्क अजून संपलेला नाही. फक्त अर्ज लिहिताना आता जास्त नेमकं लिहावं लागेल.