श्वास आणि स्वास्थ्य

घड्याळाच्या कांट्याबरोबर धांवणाऱ्या माणसास आज झोपेवांचून दुसरी विश्रांति ठाऊक नाहीं. जागेपणींही चित्त शांत ठेवितां येतें, हें हठयोगानें फार पूर्वीं ओळखिलें. तथापि आमच्या ख्रिस्ती समाजांतील कित्येक पालक विचारितात, "हा परधर्माचा साधनमार्ग मुलांस कशाला?"

ही शंका उपहासास पात्र नाहीं. हठयोगाचे ग्रंथकार समाधि हेंच ध्येय सांगतात. तें लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनें व प्राणायाम शास्त्रीय प्रयोगांच्या कसोटीस लाविले, तेव्हांपासून या विद्येची शारीरिक बाजू निराळी पाहतां येते. श्वास घेतांना नाडी किंचित् जलद चालते व सोडतांना मंदावते. म्हणून उच्छ्वास लांबविला असतां हृदयाची गति उतरते आणि क्षोभ ओसरतो. यांत पंथाचा प्रश्न कोठें येतो?

मात्र हट्टानें श्वास कोंडणें किंवा जाणत्या शिक्षकावांचून अवघड क्रिया करणें अपायकारक होय. ताठ बसावें, नाकानें सावकाश श्वास घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. विद्यार्थ्यास पांच मिनिटें पुरेत. परीक्षेच्या रात्रीं चहाच्या आणखी एका पेल्यापेक्षां हा उपाय खचित बरा.

प्रार्थनेची जागा प्राणायामानें घ्यावी, असें माझें म्हणणें नाहीं. पण धापा टाकीत गुडघे टेंकणाऱ्यापेक्षां शांतपणें टेंकणाऱ्याचें मन प्रार्थनेंत अधिक रमेल, एवढें पालकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें.